मझुर्काची कसोटी

शोपाँ म्हटला की नॉक्टर्नचा हळवेपणा, पोलोनेझचा दिमाख नाहीतर बॅलाडमधले वादळ आठवते. मैफली रंगतात त्या यांच्यावरच. पोलिश लोकनृत्यावर बेतलेल्या त्याच्या पन्नासाहून अधिक मझुर्का बहुधा कार्यक्रम संपल्यावर, श्रोत्यांच्या आग्रहाखातर वाजतात. मला मात्र वाटते, वादकाला शोपाँ कितपत उमगला आहे हे मझुर्कातच उघडे पडते.

१८१० साली वॉर्सोजवळ जन्मलेल्या शोपाँने १८२४ आणि १८२५चे उन्हाळे शाफार्निया या खेड्यात काढले. शेतकऱ्यांची गाणी-नाच तिथे त्याच्या कानांत बसले. नोव्हेंबर १८३०मध्ये त्याने वॉर्सो सोडले. त्याच महिन्यात रशियाविरुद्ध उठाव झाला, पुढच्या वर्षी तो चिरडला गेला, आणि शोपाँ पुन्हा मायदेशी गेला नाही. पॅरिसमध्ये शिकवण्या करत, जाहीर मैफली शक्यतो टाळत तो १८४९मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. मझुर्का लिहिणे मात्र पोरवयापासून अखेरपर्यंत सुटले नाही.

तरी या रचना म्हणजे लोकसंगीताची नक्कल नव्हे. गावच्या वाद्यासारखा खर्जात धरलेला षड्ज-पंचम आणि मधूनच चमकणारा तीव्र मध्यम हा त्यांतला मातीचा अंश. बाकी घडण बाखच्या अभ्यासातून आलेली. ओपस ६३मधल्या तिसऱ्या मझुर्काच्या अखेरीस एकच सुरावट दोन आवाजांत एकमेकींचा पाठलाग करते. ओपस १७मधली चौथी तर मुक्कामाच्या स्वरसंघावर न टेकता अधांतरीच थांबते.

खरी अडचण लयीची. मात्रा तीन, पण वजन कधी दुसरीवर पडते, कधी तिसरीवर, आणि ती मात्रा किंचित लांबते. शोपाँचे वादन ऐकून पियानोवादक चार्ल्स हॅलेने चार मात्रा मोजल्या होत्या. संगीतकार मायरबेअरने दोन मात्रांचा हिशेब मांडला, तेव्हा शोपाँ भडकला. डाव्या हाताने लय धरावी आणि उजव्याने मोकळे फिरावे, ही त्याची शिष्यांना शिकवण. पण मझुर्कात लय धरणाऱ्या डाव्या हाताच्याच मात्रा असमान असतात. म्हणून नॉक्टर्नमधला रुबाटो, म्हणजे लयीशी घेतलेली सूट, इथे पुरत नाही.

पियानोवादक इग्नात्स फ्रीडमनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत हे वजन ठसठशीत ऐकू येते, रुबिनस्टाइनमध्ये संयत. आजच्या पिढीची बोटे अधिक निर्दोष आहेत. पण स्पर्धांच्या तालमीत मात्रा घासूनपुसून सारख्या होतात, किंवा लचक प्रत्येक मापात एकाच जागी येऊन तिचा साचा बनतो. दोष मोठ्या सभागृहांसाठी बांधलेल्या आधुनिक पियानोवर ढकलणे सोपे आहे. शोपाँच्या आवडत्या प्लेयेलसारख्या जुन्या वाद्यांवर सूर हलका होतो, डावा हात स्वच्छ उमटतो. २०१८पासून वॉर्सोत अशा वाद्यांची वेगळी स्पर्धाही सुरू झाली. पण वाद्य लय शिकवत नाही.

ही लय पोलिश रक्तातच असावी लागते, हा समजही खरा नाही. वॉर्सोच्या शोपाँ स्पर्धेत १९५५ साली मझुर्कासाठीचे खास पारितोषिक शांघायच्या फू त्सोंगने पटकावले. लय कानाने कमावता येते. त्यासाठी मझुर्काला कार्यक्रमाच्या शेपटावरून उचलून मध्यावर आणायला हवे, आणि तिचा नाच आधी ऐकायला हवा.