'उभा' : अर्थव्याप्ती आणि उद्योगनगरीचे गद्य

संस्कृत 'ऊर्ध्व' प्राकृतात 'उब्भ' झाला आणि मराठीत 'उभा'. मूळ शब्द ग्रंथांत राहिला. तद्भव रूप शेतात, घरात आणि कारखान्यात रुळले. गवंडी ओळंब्याने जो उभेपणा तपासतो, तो या शब्दाचा केवळ एक अर्थ होय. उभे पीक म्हणजे न कापलेले, उभा दावा म्हणजे न मिटणारा, उभा जन्म म्हणजे सबंध, आणि उभ्याउभ्या भेटून जाणे म्हणजे क्षणभरही न टेकता जाणे. 'अद्याप आडवे न झालेले' हा भाव यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी दिसतो. दिशेचा अर्थही स्थिर नाही. देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करणाऱ्या तुकोबांच्या पालखीसोहळ्यात पुढे माळीनगरला उभे रिंगण होते. त्यात अश्व वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून सपाट जमिनीवर सरळ धावतो. येथे 'उभे' म्हणजे वर जाणारे नव्हे, लांब जाणारे. त्याचा विरोधी शब्दही 'आडवे' नसून 'गोल' आहे.

या आकुर्डीच्याच परिसराविषयीच्या गौरवपर लेखनात मात्र हा समृद्ध शब्द कमालीचा आकसलेला आढळतो. 1954 मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत 'उभी राहिली', महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत 'उभी राहिली', पुढे चाकणही 'उभे राहिले'. 'उभारणे' हे क्रियापद सकर्मक असून ते कर्ता मागते. 'उभे राहणे' अकर्मक आहे. त्यामुळे नगरी जणू आपली आपण उगवून आली, असा भास होतो. पाया खणणारे, पाळीभर यंत्रासमोर उभे असणारे आणि ज्यांची जमीन संपादनात गेली ते, हे सारे व्याकरणातूनच वगळले जातात. ही केवळ शैलीची सवय मानून सोडून देणे योग्य ठरणार नाही. इतिहासाचे अध्यापन याच गद्यावर पोसले जाते.

तुलनेने कायद्याची भाषा अधिक सावध आहे. 1894 च्या भूसंपादन अधिनियमाने मोबदला ठरविताना ताब्याच्या वेळी जमिनीवर उभ्या असलेल्या पिकांचे आणि झाडांचे नुकसान विचारात घेण्यास सांगितले होते; 2013 च्या अधिनियमानेही ती तरतूद राखली. हा मोबदला पुरेसा होता की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु कारखाना उभा राहण्यापूर्वी तेथे दुसरे काही उभे होते, एवढे तरी तो रुक्ष मजकूर नोंदवितो.