सिद्धी आणि पारितोषिक : बलराज साहनी यांच्या दोन भूमिका

१

चित्रपटातील श्रेष्ठ अभिनयाची चर्चा सुरू झाली, की पारितोषिकांनी कोणाकोणाला डावलले याची यादी लवकरच पुढे येते. अशा यादीमागे रसिकाची खंत असते आणि ती खरीही असते. पण समीक्षेच्या दृष्टीने तिचा उपयोग मर्यादित आहे. अन्याय झाला एवढे म्हटले की विषय संपतो. तो एखाद्या निवडसमितीच्या अभिरुचीतून घडला की अभिनयाविषयीच्या रूढ कल्पनेतून, हा प्रश्न शिल्लकच राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बलराज साहनी यांच्या दोन भूमिकांच्या आधारे करावयाचा आहे : बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ (१९५३) मधील शंभू महतो आणि एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’ (१९७३) मधील सलीम मिर्झा. दोहोंमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे. दोन्ही चित्रपटांना मानाची पारितोषिके मिळाली आणि दोन्ही वेळा अभिनेता मात्र त्यांतून वगळला गेला. कशाला पारितोषिक मिळाले आणि कशाला मिळाले नाही हे शेजारी ठेवून पाहिले, तर अभिनयाची एक अलिखित व्याख्या उघड होते, असे मला दाखवावयाचे आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. फिल्मफेअरची पहिली पारितोषिके १९५४ मध्ये देण्यात आली. ती केवळ पाच होती. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘दो बीघा जमीन’, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक बिमल रॉय. सर्वोत्कृष्ट अभिनेता मात्र ‘दाग’मधील दिलीपकुमार. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांनाही प्रारंभ झाला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले आणि ‘दो बीघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र. अभिनयासाठी स्वतंत्र राष्ट्रीय पारितोषिकच तेव्हा नव्हते. ते १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. म्हणजे ज्या वर्षी एका मराठी आईची कथा देशात पहिली आली, त्या वर्षी वनमालाबाईंच्या अभिनयाची नोंद करण्याचा रकानाच अस्तित्वात नव्हता. शंभू महतोच्या बाबतीतही तेच झाले.

पुढे अभिनेत्याच्या राष्ट्रीय पारितोषिकाला ‘भरत’ आणि अभिनेत्रीच्या पारितोषिकाला ‘उर्वशी’ अशी नावे होती. १९७३ च्या चित्रपटांमध्ये ‘गर्म हवा’ला राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवण्यात आले. अभिनेत्याचे पारितोषिक ‘निर्माल्यम्’ या मल्याळी चित्रपटातील भूमिकेसाठी पी. जे. अँटनी यांना मिळाले. १९७५ च्या फिल्मफेअर पारितोषिकांत ‘गर्म हवा’च्या कथेसाठी इस्मत चुगताई, पटकथेसाठी कैफी आझमी व शमा झैदी आणि संवादांसाठी कैफी आझमी यांची निवड झाली, अभिनेत्याचे पारितोषिक ‘आविष्कार’साठी राजेश खन्ना यांना देण्यात आले.

साहनी यांचे निधन १३ एप्रिल १९७३ रोजी, ‘गर्म हवा’चे ध्वनिमुद्रण पुरे केल्यावर लगेचच झाले, चित्रपट प्रदर्शित झालेला त्यांनी पाहिला नाही. परंतु मृत्यू हे या वगळण्याचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे. १९५४ मध्ये ते चाळिशीत होते आणि काम करीत होते. तेव्हा निर्णय वाचकांच्या मतांनी झाला होता, तर १९७३ च्या राष्ट्रीय पारितोषिकांचा निर्णय जाणकारांच्या समितीने केला. दोन वेगळ्या यंत्रणा एकाच ठिकाणी थांबल्या, म्हणून कारण व्यक्तींपेक्षा कल्पनेत शोधणे अधिक योग्य ठरते.

३

शंभू महतो हा कर्जापायी जमीन गमावण्याच्या बेतात असलेला शेतकरी. न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत २३५ रुपये उभे करण्यासाठी तो कलकत्त्यास जातो आणि हातरिक्षा ओढू लागतो. लाहोरला इंग्रजी साहित्यात एम.ए. झालेले, शांतिनिकेतनात अध्यापन आणि लंडनला बीबीसीत निवेदन केलेले साहनी या भूमिकेसाठी शोभणार नाहीत, असे अनेकांना वाटत होते. मुंबईत जोगेश्वरीच्या उत्तर भारतीय गवळ्यांच्या वस्तीत जाऊन त्यांनी त्या माणसांचे बसणे-उठणे न्याहाळले. कलकत्त्यात प्रत्यक्ष रिक्षा ओढली. तरी भूमिका हाती येईना. तेव्हा जमिनीपायी तसाच देशोधडीला लागलेला एक प्रौढ रिक्षावाला भेटला आणि अभिनयाविषयीचे पुस्तकी सिद्धांत आपण बाजूला ठेवले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

ही हकिकत वारंवार सांगितली जाते. पण तिचा परिणाम उलटा होतो. आपल्याकडील परीक्षणांत ‘तो भूमिका जगला’ हे वाक्य सर्वोच्च प्रशस्ती म्हणून वापरण्याची रीत आहे. या वाक्यात अभिनेत्याने केलेले काम दिसेनासे होते. जगणे सर्वांनाच येते. मग श्रेय कशाचे द्यायचे? ज्या दृश्यात गाडीतला प्रवासी भाड्याचा आकडा वाढवत नेतो आणि शंभू जिवाच्या आकांताने धावतो, ते दृश्य पाहावे. दांड्यांवर पडलेला देहाचा भार, पुढे झुकलेली मान, आकडा वाढताच पावलांच्या लयीत होणारा बदल या गोष्टींतून पैशाचा हिशेब शरीराच्या भाषेत मांडला जातो. शेवटी चाक निखळून तो पडतो तेव्हा तो पडणारच होता असे आपणास वाटते, कारण त्या देहाची सहनशक्ती किती उरली आहे हे अभिनेत्याने पावलोपावली कळवलेले असते. हे कौशल्य आहे. मात्र ते श्रमासारखे दिसते, आणि श्रम कोणी ‘अभिनय’ म्हणून मोजत नाही.

याउलट ‘दाग’मधील शंकर हा व्यसनी नायक. व्यसनाधीनता हे अभिनयाचे ओळखू येणारे चिन्ह आहे : तोल जाणे, पश्चात्तापाने कोसळणे, आवाजातील चढउतार. दिलीपकुमारांचा अभिनय उथळ होता असे येथे सुचवावयाचे नाही. एवढेच, की तो चित्रपटातून वेगळा काढून दाखवता येतो. शंभूचा अभिनय रिक्षा, रस्ता आणि गर्दी यांपासून वेगळा काढता येत नाही. म्हणून त्याचे श्रेय ‘चित्रपटा’ला आणि ‘दिग्दर्शका’ला मिळाले. ते चुकीचे नव्हते; अपुरे होते.

४

या ठिकाणी ‘नाट्यशास्त्र’ाच्या २७ व्या अध्यायाची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रयोगाची सिद्धी हा त्या अध्यायाचा विषय. स्पर्धेतील नटाला पताका देण्याची, त्यासाठी प्राश्निक नेमण्याची, प्रयोगातील घात म्हणजे दोष लिहून मोजण्याची पद्धत तेथे वर्णिली आहे. आजच्या निवडसमितीचे ते पूर्वरूपच म्हणावयास हरकत नाही. मात्र भरताने सिद्धीचे दोन प्रकार मानले आहेत. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या वाणीतून आणि शरीरातून प्रकट होते : स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, गजर, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे वा अंगठ्या देणे. दैवी सिद्धीची खूण वेगळी आहे. भाव व सत्त्व यांचा अतिशय असतो, रंगस्थान भरलेले असते, आणि तरीही आवाज नसतो, क्षोभ नसतो.

‘दैवी’ या शब्दाचा धार्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी भेद फार उपयुक्त आहे. मानुषी सिद्धी मोजता येते. मराठी रंगभूमीवर टाळीचे वाक्य, एक्झिटला टाळी, ‘वन्स मोअर’ ही तिचीच परिचित रूपे. नि:शब्दता मात्र मोजता येत नाही. ती कोणत्या वाक्याला मिळाली हेही सांगता येत नाही, कारण ती एखाद्या क्षणाची नसून सबंध प्रयोगाची असते. भरताने तिला सिद्धी म्हणून मान्यता दिली, ही शास्त्रकाराची दृष्टी. ‘भरत’ हे नाव धारण करणाऱ्या पारितोषिकाला मात्र या दुसऱ्या सिद्धीची नोंद करण्याचे साधन सापडले नाही.

५

तथापि मुखर अभिनय विरुद्ध संयत अभिनय अशी सोपी विभागणी करून भागणार नाही. १९७३ ची निवड पाहावी. एम. टी. वासुदेवन नायर यांच्या ‘निर्माल्यम्’मध्ये अँटनी यांनी मोडकळीस आलेल्या देवळाच्या वेलिचप्पाडाची, म्हणजे देवीचा संचार होणाऱ्या सेवेकऱ्याची, भूमिका केली आहे. अखेरीस तो तलवारीने स्वत:च्या कपाळावर घाव घालतो आणि तोंडातले रक्त देवीच्या मूर्तीवर थुंकतो. तो क्षण विसरता येत नाही. निवड अपात्राची झाली असे कोणीही म्हणू नये. राजेश खन्नांचे उदाहरण तर आणखी गुंतागुंतीचे आहे. ‘आविष्कार’ हा विस्कटलेल्या दांपत्याचा, दबक्या स्वरातला चित्रपट आहे. तेथील अभिनयही संयतच आहे. पण लोकप्रिय नायकाच्या परिचित प्रतिमेच्या पार्श्वभूमीवर तो संयम उठून दिसतो. साहनींच्या संयमाला अशी पार्श्वभूमी नव्हती. तो त्यांचा स्वभावच समजला गेला. म्हणजे प्रश्न आवाजाच्या पट्टीचा नाही, वेगळेपणाने दिसण्याचा आहे.

सलीम मिर्झाची भूमिका या दृष्टीने कसोटीची आहे. आग्र्यातील हा जोडे बनवणारा कारखानदार गांधीहत्येनंतरच्या काळात एकेक आधार गमावतो. भाऊ पाकिस्तानात जातो. हवेली त्याच्या नावावर असल्याने ती ताब्यातून जाते. मुसलमान म्हणून भाड्याचे घर मिळत नाही, बँक कर्ज नाकारते. हेरगिरीचा आरोप येतो. मुलगी आमिना आत्महत्या करते. या सर्व प्रसंगांत बोलतो कोण हे पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. बोलतात ते इतर लोक : भाऊ, टांगेवाला, घरमालक, बँकेचा अधिकारी. सलीम मुख्यत: ऐकतो. नकार मिळत असताना त्याच्या चेहऱ्यावर प्रथम सौजन्य असते, मग समजूत येते, आणि ही समजूत समोरच्याला कळू नये म्हणून पुन्हा सौजन्य येते. हे तिन्ही टप्पे काही क्षणांत उमटतात. मुलीचा मृतदेह पाहतानाही मोठा विलाप नाही. विलापाची जागा आहे आणि ती रिकामी ठेवली आहे.

ऐकण्याच्या अभिनयाला संहिता नसते. कैफींच्या संवादांना पारितोषिक मिळाले आणि ते सर्वस्वी योग्यच होते. पण संवादाचा अर्धा भाग ऐकणाऱ्यावर घडतो, आणि तो अर्धा कागदावर सापडत नाही. कथा, पटकथा, संवाद या कागदावर वेगळ्या करता येणाऱ्या गोष्टींची दखल घेतली गेली. त्यांना जोडणारा चेहरा ‘वास्तव’ म्हणून जमेस धरला गेला. आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. अल्प खर्चात होणाऱ्या या चित्रपटाचे चित्रीकरण ध्वनीविना झाले व आवाज नंतर मुंबईत मुद्रित करण्यात आले. म्हणजे आपणास जे अत्यंत नैसर्गिक वाटते, तो आंगिक आणि वाचिक अभिनयाचा वेगवेगळ्या वेळी केलेला, नंतर जुळवलेला संयोग आहे. ‘जगण्या’च्या कल्पनेचे याहून स्पष्ट खंडन कोणते असू शकेल?

या भूमिकेचा सामाजिक आशयही याच ऐकण्यात आहे. साहनी रावळपिंडीचे, फाळणीने त्यांचे गाव सीमेपलीकडे गेले. सीमेअलीकडेच राहू पाहणाऱ्या मुसलमानाची भूमिका त्यांनी केली, पण आपल्या विस्थापनाचे दु:ख तिच्यावर लादले नाही. सलीम स्वत:च्या निष्ठेबद्दल भाषण करीत नाही. ज्याच्याकडे निष्ठेचा पुरावा सतत मागितला जातो, त्याने पुरावा न देता शांतपणे समोर बसून राहणे, हीच त्याची भूमिका आहे. शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. अखेरीस स्टेशनकडे निघालेला टांगा थांबवून तो मोर्चात सामील होतो, तेव्हा तो गर्दीत मिसळून जातो. नायकाला वेगळे काढून दाखवण्याची शेवटची संधीही चित्रपट नाकारतो.

६

एक आक्षेप येथे घेता येईल. पारितोषिक ही निवड आहे आणि निवड म्हणजे वेगळे काढणेच. मग तिला दोष का द्यावा? आक्षेप योग्य आहे. पारितोषिकाकडून त्याच्या स्वभावाबाहेरचे काम मागण्यात अर्थ नाही. पण समीक्षेचा स्वभाव तोच असण्याचे कारण नाही. अडचण अशी, की चित्रपटाचा इतिहास लिहिताना आणि शिकवताना आपण पारितोषिकांच्या याद्या सोयीस्कर सांगाडा म्हणून वापरतो, आणि त्यांच्याबरोबर त्यांची व्याख्याही स्वीकारतो. विद्यार्थी अभिनयावर लिहितो तेव्हा तो एखादा ‘प्रसंग’ निवडतो, कारण त्याला प्रसंगच निवडायला शिकवलेले असते. श्रवण, प्रतीक्षा, दुसऱ्याला जागा देणे, कामाची लय यांविषयी बोलण्यासाठी आपल्याजवळ अद्याप पुरेशी परिभाषा नाही. नाट्यशास्त्रातील सात्त्विक अभिनयाची चर्चा या दिशेने मदत करू शकेल. मात्र अश्रू, रोमांच, स्वेद अशा दृश्य खुणांपुरती ती मर्यादित ठेवली, तर पुन्हा मोजण्याच्या जुन्याच जागी आपण येऊ.

‘गर्म हवा’ची दुरुस्त प्रत २०१४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाली. त्यामुळे हे अध्ययन स्मरणावर किंवा ऐकीव कीर्तीवर सोपवण्याचे कारण उरलेले नाही. बँकेतला तो प्रसंग समोर ठेवावा, अधिकाऱ्याच्या वाक्यांवरून नजर काढून ती ऐकणाऱ्या माणसावर ठेवावी, आणि त्या चेहऱ्यावर काय काय घडते ते लिहून काढावे. अभिनयसमीक्षेचा धडा तेथून सुरू करता येईल.