गाडी जात विचारत नाही : एका वाक्याची तपासणी

‘गाडी जात विचारत नाही’ हे वाक्य आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ फिरते आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि आरेपासून कफ परेडपर्यंतचा साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्यानंतर जे गौरवपर लेखन आले त्यात हे वाक्य या ना त्या रूपात पुन्हा अवतरले. थंडगार डब्यात साहेब आणि शिपाई शेजारी बसतात, तिकीट काढले की सगळे सारखे, शहराने भेदाला जमिनीखाली गाडले, असा त्या लेखनाचा सूर आहे. मराठी मध्यमवर्गीय लेखणीला यंत्राविषयी अधूनमधून असा उमाळा येतो. तो खोटाच असतो असे माझे म्हणणे नाही. पण ज्या वाक्यावर तो उभा आहे ते तपासल्याशिवाय आपण त्या वाक्याच्या पाठीमागून चालू नये.

हे वाक्य पहिल्या आगगाडीइतकेच जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये कार्ल मार्क्सचा हिंदुस्थानावरील लेख छापून आला. रेल्वेबरोबर आधुनिक उद्योग येतील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती विभागणी हे उद्योग मोडून काढतील, असे भाकीत त्याने त्यात केले होते. पुढे आमच्याकडच्या डाव्या मंडळींनी हे भाकीत घडून गेलेली वस्तुस्थिती असल्यासारखे वापरले. भाकीत करणाऱ्याने गाडी पाहिलेली नव्हती, हा त्याचा दोष नव्हे. पण ज्यांच्या दारावरून गाडी गेली त्यांची साक्ष आपण काढली पाहिजे.

पहिली साक्ष बाबासाहेबांची. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. १९०१ साल. नोकरीच्या गावी असलेल्या वडिलांकडे जायला निघालेली मुले गाडीने मसूरला उतरतात. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर टोपी. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो. मुलांच्या तोंडून ‘महार’ हा शब्द निघतो आणि त्याचा चेहरा पालटतो. बाहेर बैलगाड्या उभ्या असतात, पण एकही गाडीवाला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघते : मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे. तेथपर्यंत आगगाडीने जात विचारली नाही, हे खरेच आहे. जात स्टेशनबाहेर बैलगाडी जुंपून उभी होती. १९२९ साली चाळीसगावला हेच घडले. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते. टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. मोरीवर चाक अडखळून बाबासाहेब खाली फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले.

आज वाहतुकीचे तज्ज्ञ ‘स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर’ हा एक स्वतंत्र प्रश्न मानतात. आमच्या लोकांना तो १९०१ सालीच कळलेला होता.

दुसरी साक्ष बाबुराव बागुलांची. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेचा नायक उधन्याला नोकरीसाठी येतो. नोकरी कोणती, तर रेल्वेतली. मार्क्सच्या भाकिताप्रमाणे जिथे जात विरघळायची, नेमके तेच ठिकाण! तिथला सहकारी रामचरण तिवारी त्याला उच्च जातीचा समजून घरी नेतो, मान देतो, आणि जात उघडी पडताच त्याच माणसाला मार खावा लागतो. या कथेची आपण ‘वेदना आणि विद्रोह’ या परिचित चौकटीत पुष्कळ चर्चा केली. पण बागुलांनी तिच्यासाठी रेल्वे हीच जागा का निवडली, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुरेसा विचारला नाही, असे मला वाटते. यंत्र एक काम करून घेते आणि माणसे यंत्राभोवती आपली जुनी उतरंड पुन्हा रचतात, हे बागुलांना दिसले होते. रेल्वेत आमची माणसे शिरली, पण कुठे? खलाशी, गँगमन, सफाईवाला. उघड्या संडासांच्या डब्यांखालचे रूळ वर्षानुवर्षे कोणत्या जातींच्या हातांनी धुतले, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. रेल्वेने जात मोडली नाही, तिला एक खाते दिले.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर टीका एकांगी होईल. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. पहार, हातोडा आणि कंदील घेऊन ते रूळ तपासत. गाडी आली की बाजूला उभे राहायचे आणि ती गेली की पुन्हा रुळावर यायचे, असा त्यांचा जन्म गेला. पण ती नोकरी कायम होती. तिच्यात महिन्याचा पगार होता, डोक्यावर क्वार्टरचे छप्पर होते, दवाखाना होता, पास होता. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो या कायमपणाच्या आधाराने. त्याच्यामागे एक राजकीय कृती होती. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. म्हणजे जुन्या रेल्वेने आम्हाला जे दिले ते तिच्या चाकांनी दिले नाही. सार्वजनिक मालकी, कायम नोकरी आणि राखीव जागा या तिघांनी मिळून ते दिले. हा मुद्दा निसटला की आपण पुन्हा चाकांचीच आरती करू लागतो.

या कसोटीवर नव्या भुयारी मार्गाकडे पाहू. पहिला प्रश्न : हे भुयार कोणी खोदले? या मार्गाचे स्थापत्यकाम सात भागांत वाटून कंत्राटदार कंपन्यांना दिले गेले. १७ खोदाई यंत्रे जमिनीखाली उतरली. त्यांना कृष्णा, गोदावरी, वैतरणा, वैनगंगा, तानसा अशी महाराष्ट्रातल्या नद्यांची नावे दिली होती. एखादे यंत्र भुयाराच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडले की त्याच्या नावानिशी बातमी येई. यंत्राला नाव आहे. यंत्रामागे राडारोडा उपसणारा, सळई बांधणारा मजूर मात्र ‘मनुष्यबळ’ आहे. तो कंत्राटदाराच्या हजेरीवर असतो, पत्र्याच्या खोल्यांत राहतो आणि काम संपले की त्याचे शहरही संपते. माझ्या वडिलांना रुळाने आयुष्यभराची भाकरी दिली. या मजुराला भुयाराने काही महिन्यांची मजुरी दिली, आणि त्याच्या मुलाला पदवीपर्यंत नेईल असे काहीही मागे ठेवले नाही. कंत्राटाला राखीव जागा लागू होत नाहीत. झाडलोट, पहारा ही स्थानकातली कामेही कंत्राटाच्याच वाटेने जातात. तेव्हा झाडू पुन्हा कोणाच्या हाती येतो, हे वाचकाने डोळे उघडे ठेवून स्वतः पाहावे.

दुसरा प्रश्न : कोण हलले? गिरगाव-काळबादेवीत जुन्या चाळी या मार्गाच्या आड आल्या. तिथल्या रहिवाशांनी संघर्ष केला आणि त्याच भागात पुनर्वसन होईल असे पदरात पाडून घेतले. त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण झोपडीत राहणाऱ्याला ‘इथेच’ हा शब्द उच्चारता येतो का? मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाने या शतकाच्या आरंभी रुळांलगतची हजारो कुटुंबे उठवून मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि चेंबूरच्या वाशी नाक्याला नेली. २२५ चौरस फुटांचे घर मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घरकामाच्या बायकांची कामे सुटली, शाळा लांब गेल्या, आणि इमारतींमधली अंतरे अशी की उजेडालाही आत येताना अंग चोरावे लागते. ही घरे शहराच्या काठावरच का असतात, हा वास्तुशास्त्राचा प्रश्न नाही. महारवाडा गावाच्या कोणत्या अंगाला असावा हे ठरवणारे मन अजून नकाशे काढते आहे.

आणि या मनाची एक भाषा आहे. ‘प्रकल्पबाधित’, ‘अतिक्रमण’, ‘पात्र’, ‘अपात्र’. आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, तेव्हा हे शब्द आपणच तपासले पाहिजेत. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर झोपडीवासी फुकट घराला पात्र ठरतो, त्यानंतरचा असेल तर अटी आणि पैसे सुरू होतात. एका तारखेने माणूस शहराचा होतो, दुसऱ्या तारखेने उपरा होतो. जन्माच्या अपघातावर पात्रता ठरवणारी एक व्यवस्था आपण ओळखतो. इथे जन्माच्या जागी कागद आला आहे, आणि कागद सांभाळायला ट्रंक, कोरडी जागा आणि अक्षरओळख लागते. या मार्गावर धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल ही लागोपाठची स्थानके आहेत, मध्ये मिठी नदीखालून भुयार जाते. धारावीच्या पुनर्विकासाचे काम २०२३ साली अदानी समूहाकडे सोपवले गेले आणि अपात्र ठरतील त्यांची घरे धारावीबाहेर, असे त्या योजनेत आहे. गाडी धारावीला थांबेल, पण धारावीकर तिथे असेल काय?

तिसरा प्रश्न आरेचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी रातोरात झाडे तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला स्थगिती दिली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. शहरातील तरुण रस्त्यावर आले, २९ जणांना अटक झाली. त्यांचे धैर्य मी मानतो. पुढे २०२२ मध्ये न्यायालयाने ८४ झाडे तोडण्यास परवानगी मागण्याची मुभा दिली. त्याहून अधिक झाडांसाठी अर्ज केला म्हणून २०२३ मध्ये मेट्रो कंपनीला १० लाख रुपये भरायला लावले. झाडांची मोजणी झाली, बाजू मांडली गेली, निकाल झाला. पण आरेत आदिवासींचे २७ पाडे आहेत. कारशेडच्या जागेत प्रजापूर पाड्याच्या लोकांची शेती आणि घरे गेली. या लढ्यावर जे मराठी लेखन झाले त्यात झाड हा नायक आहे, बिबट्या सहनायक आहे, आणि वारली माणूस भिंतीवरच्या चित्रापुरता आहे. निसर्गावर प्रेम करणारी संवेदना निसर्गात राहणाऱ्या माणसाजवळ येऊन का थबकते? पर्यावरणवादी साहित्याची समीक्षा इथून सुरू व्हायला हवी.

‘तिकीट काढले की सगळे सारखे’ या विधानाचा हिशेबही करून टाकू. पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे भाडे ७० रुपये होते. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये. तेव्हा गाडीने जात विचारली नाही हे मान्य करू. तिने खिसा विचारला, आणि या देशात खिसा आणि जात यांचे नाते किती जुने आहे हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगावे लागत नाही.

यावरून कोणी मला यंत्रविरोधी ठरवील. गांधीवादाचे खंडन करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हा त्यांचा विचार मला शिरोधार्य आहे. गावगाड्यातून सुटलेल्या माणसाला शहर हवे आणि शहरात वेग हवा. लोकलच्या दारात लटकून मरणाऱ्यांत आमचीच माणसे असतात. म्हणून मेट्रो नको, ही मागणी आपली असूच शकत नाही. आपला झगडा तिच्या वाटपाशी आहे : काम कोणाला, घर कुठे, भाडे किती आणि वाढलेल्या जमिनीच्या किमतीचा धनी कोण.

शेवटी आपल्याच साहित्याकडे वळतो. १९७२ च्या ‘गोलपिठा’ने आणि १९७८ च्या ‘बलुतं’ने मुंबईचा जो तळ मराठीत आणला, तो तिथल्या शब्दांसह आणला. म्हणून त्या लेखनाला धार होती. आज कवितांमध्ये मेट्रो येऊ लागली आहे, पण बहुतेक वेळा तयार प्रतीक म्हणून येते. भुयार म्हणजे अंधार, अंधार म्हणजे आमचे जिणे. हे समीकरण फार स्वस्त आहे. मुंबईच्या मेट्रोचे भुयार अंधारे नाही, तिथे डोळे दिपतील इतका उजेड आहे, आणि आपली अडचण नेमकी त्या उजेडात आहे. अंधाराची प्रतिमा वापरणाऱ्या कवीने ते स्थानक पाहिलेलेच नाही, असे म्हणावे लागते. पात्र-अपात्रतेच्या यादीसमोर आपले नाव बोटाने शोधणारी बाई, पुनर्वसनाच्या इमारतीतली सातव्या मजल्यावरची बंद पडलेली लिफ्ट, ठेकेदाराच्या मुकादमाची बोली, हे सारे अजून लिहायचे राहिले आहे. माझ्या वर्गात या इमारतींतून येणारी मुले बसतात. मेट्रोवर निबंध लिहायला सांगितले की ती ‘विकासाची जीवनवाहिनी’ असे शब्द उतरवतात, कारण परीक्षेत गुण त्या शब्दांना मिळतात. त्यांना त्यांच्या घरचे शब्द वहीत आणायला शिकवणे हे शिक्षकांचे काम आहे, त्या यादीतली नावे एकेक करून तपासणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि ही दोन कामे एकमेकांपासून तोडली गेली तर दोन्ही निकामी होतील. गाडी जात विचारत नाही, असे पुढच्या वेळी कोणी म्हणाले तर त्याला एवढेच विचारावे : गाडी पुसणाऱ्याचे आडनाव काय आहे?