पेनीला काढून टाकलं तर काय उरतं?

नॉकआउट प्रयोग समजावताना दरवेळी उंदीरच कशाला घ्यायचा? या वेळी एक फसलेला सिनेमा घेऊ: डिस्नेचा १९९९ चा 'इन्स्पेक्टर गॅजेट'. दिग्दर्शक डेव्हिड केलॉग, मुख्य भूमिकेत मॅथ्यू ब्रॉडरिक. लांबी जेमतेम ७८ मिनिटं, आणि तरी मी दोनदा घड्याळ बघितलं.

मूळ कार्टून १९८३ चं. त्याची गंमत कशी चालायची ते आधी पाहू. गॅजेटच्या अंगात शेकडो यंत्रं, डोक्यात उजेड शून्य. गुन्हेगार समोर उभा असला तरी त्याला तो सज्जनच वाटणार. खरा तपास करायची त्याची भाची पेनी, संगणकाचं पुस्तक उघडून, आणि तिचा कुत्रा ब्रेन, वेषांतर करून. शेवटी कौतुक गॅजेटचं! आणि आपण काहीच केलेलं नाही, याचा त्याला पत्ताच नाही. प्रयोगशाळेत दोन वर्षं काढलेल्या कुणालाही हा विनोद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सिनेमाने नेमकं हेच काढून टाकलं. इथला गॅजेट म्हणजे अपघातानंतर यांत्रिक शरीर मिळालेला एक भला सुरक्षारक्षक. त्याला प्रेमकथा आहे, सूडाची गोष्ट आहे, खलनायकाला तो स्वतःच हरवतो. मिशेल ट्रॅक्टेनबर्गची पेनी आजूबाजूला असते, एवढंच. ब्रेन तर साधा कुत्रा. म्हणजे वेंधळा नायक गेला आणि त्याची न दिसणारी मदतनीसही गेली. उरली ती हातपाय लांब करायची करामत.

पण थांबा. पेनीला काढलं म्हणून सिनेमा पडला, असं लगेच म्हणता येईल का? नाही. कारण यांनी एका वेळी एकच गोष्ट बदललेली नाही. कार्टूनमध्ये डॉ. क्लॉचा फक्त पंजा दिसायचा; इथे रुपर्ट एव्हरेटचा अख्खा देखणा चेहरा समोर. शिवाय रेषेने काढलेला हात लांब झाला तर हसू येतं, खऱ्या माणसाचा झाला की जरा कसंतरीच होतं. म्हणजे तीन संशयित, आणि प्रयोग एकच.

अशा वेळी आपण रेस्क्यू करतो: काढलेलं परत घालून बघतो. २००३ मध्ये थेट व्हिडिओवर दुसरा भाग आला. त्यात क्लॉचा चेहरा पुन्हा लपवला. सिनेमा तरीही बेतासबातच. तेव्हा चेहरा हे मुख्य कारण नसावं. (नायकही बदलला होता, त्यामुळे हा रेस्क्यू काही स्वच्छ नाही. पेपरमध्ये असा लिहिलात तर रिव्ह्यूअर सोडणार नाही.)

मला जास्त पटतो तो पॉझिटिव्ह कंट्रोल. १९६५ ची 'गेट स्मार्ट' ही मालिका. आत्मविश्वासाने ओतप्रोत, पण वेंधळा गुप्तहेर, आणि त्याला सांभाळून घेणारी हुशार एजंट ९९. हीच मांडणी, हाडामांसाची माणसं घेऊन, आणि ती मस्त चालते! खरी माणसं आली म्हणून हा विनोद मरतो, असं नाही. यंत्राच्या हातापायांबद्दल मात्र हा कंट्रोल काहीच सांगत नाही, त्यामुळे तिसरा संशयित अजून मोकळाच आहे.

अमेरिकेत सिनेमाने ९ कोटी डॉलरहून जास्त कमावले, तेव्हा 'पडला' हा शब्द मी तिकीटबारीबद्दल वापरत नाहीये. आपण काय मोजतोय ते आधी ठरवायला हवं, नाहीतर वाद नुसता चालत राहतो.

आणि एक. 'गेट स्मार्ट'मधला तो गुप्तहेर म्हणजे डॉन ॲडम्स. कार्टूनमधल्या गॅजेटला आवाजही त्यांचाच. १९९९ च्या सिनेमातही ते आहेत. अगदी शेवटी, श्रेयनामावली सुरू झाल्यावर, ब्रेन बोलतो तेव्हा.