ब्लेड सर्व्हरचं कोटेशन वाचताना

मंडळी, आज आम्ही एका कोटेशनवर टीका करणार आहोत. पुस्तकावर होते, नाटकावर होते, मग कोटेशनवर का नको? लाखो रुपयांचा निर्णय ज्या दोन पानांवर होतो, ती पानं शेवटच्या आकड्यापलीकडे फारसं कोणी वाचत नाही. हे कोटेशन आपल्याच शहरातल्या एका मध्यम आकाराच्या संस्थेचं. तिचं नाव घेत नाही, पुरवठादाराचंही नाही. खरेदीच्या वेळी सल्ल्याला आम्हीही बसलो होतो, त्यामुळे या टीकेतला वाटा आमच्याही पदरात पडतो.

पहिल्या पानावर एक ब्लेड एन्क्लोजर आहे. उंची १० यू, आत अर्ध्या उंचीच्या १६ ब्लेडची जागा. त्यात घेतलेली ब्लेड दोन, प्रत्येकी १९२ जीबी रॅम. यावर ४० व्हर्च्युअल मशीन चालवायची: ईआरपी, हजेरी, फाइल सर्व्हर, मेल, बाकी किरकोळ. दुसऱ्या पानाच्या तळाला, यूपीएसच्या वर, एकच ओळ: स्टोरेज, ४ टीबीच्या १२ डिस्क, ७२०० आरपीएम, रेड ६. बस. आमचा पहिला आक्षेप या मांडणीवरच आहे. ब्लेडला अर्धं पान, साठवणुकीला एक ओळ.

ब्लेड म्हणजे काय, नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात. सर्व्हरमधून वीजपुरवठा, पंखे आणि नेटवर्क स्विच बाहेर काढून एका सामाईक पेटीत ठेवले, की जो पातळ बोर्ड उरतो तो ब्लेड. ही कल्पना २००१ च्या सुमारास बाजारात आली. आयबीएमचं ब्लेडसेंटर २००२ चं, त्यात ७ यूमध्ये १४ ब्लेड. एचपीचं सी७००० हे २००६ चं, १० यूमध्ये १६. ज्यांच्याकडे शेकडो सर्व्हर होते आणि जागेचं भाडं रॅकप्रमाणे मोजावं लागत होतं, त्यांच्यासाठी ही सोय होती. पेटीचा खर्च १६ जणांत वाटला तर परवडतो. इथे तो दोघांत वाटला. उरलेल्या १४ खणांना कोऱ्या पट्ट्या लावल्या, कारण त्या लावल्या नाहीत तर हवा भलतीकडूनच पळते.

"पुढे वाढेल तेव्हा घालू," असं म्हणतात. आम्हीही मान डोलावली होती. पण पाच वर्षांनी त्याच पेटीत बसणारं नवं ब्लेड मिळेल का, हे त्या दोन पानांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

वीज आणि गारवा याबद्दल फार बोलत नाही. भरलेलं एन्क्लोजर सहा-सात किलोवॉट सहज ओढतं, ती सगळी उष्णता खोलीत येते, आणि एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉटच उचलतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा हिशोब आठवतो. वजनही २०० किलोच्या पुढे जातं. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर सर्व्हर रूम असेल तर आधी फरशीला विचारावं.

आता मूळ मुद्दा. ब्लेडमध्ये स्वतःच्या डिस्क जेमतेम दोन, त्याही हायपरव्हायझर चालू होण्यापुरत्या. म्हणजे चाळीसही मशीनचा सगळा डेटा बाहेरच्या त्या एका पेटीत, त्या एका ओळीत. ती ओळ वाचताना आपण काय बघितलं? टीबी. रेड ६ मध्ये दोन डिस्क वजा होतात, उरले ४० टीबी. संस्थेचा डेटा होता ९ टीबी. सगळे खूश.

या शहरात राहून आपण ही चूक करावी, याचं आम्हाला अजून नवल वाटतं. जायकवाडीची क्षमता १०२ टीएमसीच्या घरात आहे. नाथसागर तुडुंब भरला तरी आपल्या नळाला पाणी काही दिवसांआडच येतं. का? धरणात किती साठलंय हा एक प्रश्न, आणि पाइपातून एका वेळी किती येतं हा दुसरा. दुसरा प्रश्न कसा विचारायचा हे इथल्या प्रत्येक गृहिणीला कळतं. पाणचक्कीचं जातंही फिरायचं ते पडणाऱ्या धारेच्या जोरावर, हौदात किती पाणी आहे यावर नव्हे. स्टोरेजच्या बाबतीत मात्र आपण टाकीचे लिटर विचारून घरी येतो.

धार कशी मोजायची? एका सेकंदात डिस्क किती वेळा वाचू-लिहू शकते, त्याला आयओपीएस म्हणतात. ७२०० आरपीएमची डिस्क साधारण ८० देते. १२ डिस्क, म्हणजे ९६०. पण रेड ६ मध्ये एक छोटं लिखाण करायला डिस्कवर सहा कामं होतात: तीन वाचायची, तीन लिहायची. साठ टक्के वाचन आणि चाळीस टक्के लेखन धरा. हाती येतात ३२०. चाळीस मशीनमध्ये वाटले की प्रत्येकी ८. बघा, आठ! आम्ही नंतर मोजलं तेव्हा कामाच्या वेळेतली गरज सरासरी ५० निघाली, म्हणजे एकूण २०००. कंट्रोलरची कॅश थोडा आधार देते, पण सहापट तूट ती भरून काढत नाही. त्याच १२ डिस्क रेड १० मध्ये लावल्या असत्या तर २४ टीबी आणि सुमारे ६८५ आयओपीएस मिळाले असते. तेही अपुरेच, पण दुपटीहून जास्त, आणि ९ टीबीला जागा भरपूर.

पुढे काय झालं ते सांगतो. सकाळी नऊला शिफ्टची हजेरी लागायची तेव्हा पडदे गोठायचे. दुपारी एकला चाळीसही मशीनवर अँटीव्हायरसचा स्कॅन एकाच मिनिटाला सुरू व्हायचा. फोन यायचे, "साहेब, सिस्टिम लई हळू चालायलीय." पगाराच्या तारखेला हिशोब विभाग रात्री उशिरापर्यंत बसायचा, आणि त्या महिन्यात कंत्राटी कामगारांचे पैसे दोन दिवस उशिरा गेले. ज्याचं पोट हातावर, त्याला दोन दिवस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

उपाय म्हणून तिसरं ब्लेड घेतलं. सीपीयू तेव्हा १५ टक्क्यांवर होता, हे स्क्रीनवर दिसत होतं, तरी घेतलं. मग मोकळी जागा दिसली म्हणून त्यावर आणखी १२ मशीन चढवली. त्याच ३२० मध्ये आता ५२ वाटेकरी.

कोटेशनमधलं दुसरं मौन बिघाडाबद्दलचं. मशीन ४०, प्रत्येकी ८ जीबी, एकूण ३२० जीबी. दोन ब्लेडवर ३८४ आहे, ठीक. पण एक बंद पडलं तर उरतात १९२. हाय अव्हेलेबिलिटीचं लायसन्स घेतलं होतं, पण बाकीची मशीन उठणार कुठे? तिसऱ्या ब्लेडने निदान हे भागायला हवं होतं, पण वाढवलेल्या मशीननी तीही शिल्लक खाल्ली.

थिन प्रोव्हिजनिंगचंही तसंच. हातात ४० टीबी, कागदावर वाटले ६०. अपग्रेडच्या आधी घेतलेले स्नॅपशॉट कोणी पुसले नाहीत, ते वाढत राहिले. बॅकअपसुद्धा त्याच पेटीत. यावर टीका करावी एवढंही त्यात काही नाही.

आमचं मत विचाराल तर, वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या बहुतेक कारखान्यांना आणि कॉलेजांना एन्क्लोजरची गरज नाही. साधे तीन रॅक सर्व्हर, त्यातला एक पडला तरी उरलेल्या दोघांत काम भागेल एवढी रॅम, आणि वाचलेल्या पैशांतून एसएसडी. बारा-पंधरा सर्व्हर खरोखर लागणार असतील तर ब्लेड जरूर घ्या. मात्र एसएसडी आल्या की अडचण डिस्कवरून नेटवर्ककडे सरकते. एन्क्लोजरमधून बाहेर जाणाऱ्या दोनच १० गिगाबिट वायरींवर सोळा ब्लेड लटकवून चालत नाही. लायसन्सचाही विचार हवा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमचं लायसन्स बंद झालं. आता वर्गणी, तीही कोअरप्रमाणे, आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअर धरून. उगाच घेतलेले कोअर दरवर्षी बिलात येतात.

त्या संस्थेत शेवटी डिस्क काढून एसएसडी बसवल्या, स्कॅनच्या वेळा विखुरल्या, तिसरं ब्लेड मोकळं करून राखीव ठेवलं. डिस्कचा प्रतिसाद ७० मिलिसेकंदांवरून दोनच्या आत आला. हे सगळं खरेदीआधी कळलं असतं. विंडोजमधला परफॉर्मन्स मॉनिटर किंवा लिनक्सवरचं आयओस्टॅट जुन्या सर्व्हरवर महिनाभर, पगाराची तारीख धरून, चालू ठेवायचं होतं. दोन्ही फुकट आहेत. कोणाकडे असं मोजमाप तयार असेल तर प्रश्नोत्तरांत आधी तेच घेऊ.