चिरतारुण्याची गोळी?

रॉबर्ट विल्सन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांचे ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झाले आणि प्रचंड खपले. मधुमेहात इन्सुलिनची उणीव, तशी रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेनची. ती भरून काढली की तारुण्य टिकते, हा त्याचा गाभा.

ही तुलनाच फसवी आहे. मधुमेह हा आजार. रजोनिवृत्ती हा स्त्रीच्या आयुष्यातला स्वाभाविक टप्पा. अंगातून उठणाऱ्या गरम वाफा, झोपमोड, हाडांची झीज हे त्रास मात्र खरे आहेत, आणि त्यांवर इस्ट्रोजेन गुणकारी ठरते. विल्सन यांचे एवढे म्हणणे टिकले.

बाकीच्याचे काय? नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे १९७५ साली दिसून आले. मग प्रोजेस्टोजेनची जोड देण्यात आली. पुढे, गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी आढळतो, असा बोलबाला झाला. पण या स्त्रिया मुळातच सुस्थितीतल्या, प्रकृतीला जपणाऱ्या होत्या! शेवटी अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून चाचणी झाली. २००२ सालचा निष्कर्ष असा : दोन्ही संप्रेरके घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराचे ७ आणि स्तनांच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त, खुब्याचे अस्थिभंग ५ कमी.

या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत, त्रास असताना, डॉक्टरी देखरेखीखाली उपचार घेतल्यास फायद्याचे पारडे बहुधा जड राहते, असे आज मानतात. म्हणजे गोळी अमृत नव्हे, विषही नव्हे.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : गोळी घेतल्याने माणसे निरोगी राहिली, की निरोगी माणसेच गोळी घेत होती?