संशोधन-प्रस्तावाची इंग्रजी : आनंदीबाई जोशी यांच्या लेखनाच्या निमित्ताने

विज्ञानविषयक संशोधनाचा प्रस्ताव लिहून झाला की तो इंग्रजीच्या एखाद्या जाणकाराकडे 'भाषा सुधारण्यासाठी' द्यावयाचा, ही रीत ठाणे-कल्याणच्या विद्यालयीन जगात अपरिचित नाही. अलीकडे हे काम यंत्राकडेही सोपविले जाते. ह्या रीतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. विचार आधीच सिद्ध असतो, आणि भाषा म्हणजे त्यावर मागाहून चढवावयाची कल्हई होय, असे ते गृहीत. ते कितपत टिकते हे तपासावयाचे, तर ज्यांचे माहेर कल्याणचे त्या डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे इंग्रजी लेखन पुन्हा वाचावयास हवे. चरित्रकारांनी त्यातील धैर्य पुष्कळ वाखाणले. त्याच्या रचनेकडे मात्र त्या मानाने थोडे लक्ष गेले आहे.

आरंभ एका फसलेल्या अर्जाने होतो. टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळरावांनी कोल्हापूरहून मिशनरी मंडळींकडे केलेली विनंती वाइल्डर यांच्या 'मिशनरी रिव्ह्यू' ह्या नियतकालिकात उत्तरासह छापली गेली. पत्नीचे शिक्षण आणि अमेरिकेत स्वतःस उद्योग, अशा दोन मागण्या तीत एकत्र आल्या होत्या. उत्तरात धर्मांतराकडे बोट दाखविण्यात आले. व्याकरणाची कितीही दुरुस्ती केली असती, तरी ह्या उत्तरात फरक पडता ना. अर्जदाराचा हेतू एक आणि ज्याच्याकडे अर्ज केला त्याचा हेतू दुसरा, हा तो दोष होता. रोझेल येथील थिओडिशिया कारपेंटर यांनी ते पत्र योगायोगाने वाचले आणि त्यांना त्या मुलीविषयी आस्था वाटली, ही गोष्ट अलाहिदा. सगळ्याच अर्जांना असा वाचक लाभत नाही.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी केलेले इंग्रजी भाषण ह्याच्या अगदी उलट घडणीचे आहे. अमेरिकेस का जावयाचे, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीनेच का जावयाचे, परतल्यावर वाळीत टाकले जाणार नाही काय, संकट ओढवल्यास काय करणार, आणि कोणाही स्त्रीने जे केले नाही ते आपण का करावे, असे सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. प्रस्तावाचा परीक्षक जे आक्षेप मनात धरून बसतो, ते त्याच्या आधी अर्जदाराने उच्चारले आहेत. विशेषतः दुसरा प्रश्न आजच्या प्रस्तावातही कळीचा ठरतो : हे काम अन्यत्र होत असताना येथेच, ह्याच माणसाने, ते का करावे? पुष्कळ प्रस्ताव भाषेने निर्दोष असूनही ह्याच जागी मुके होतात.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास पाठविलेले प्रवेशपत्र हा ह्या लेखनातील सर्वांत विचारणीय भाग होय. लेखिका तेव्हा अठरा वर्षांची होती. प्रवेशाच्या अटी आपल्याकडून सर्वस्वी पुऱ्या होतील असा दावा ती करीत नाही. उणीव ती कबूल करते, आणि आपले प्रकरण अपवादात्मक मानावे अशी विनंती करते. त्यानंतर येते ते एक लांबलचक वाक्य. आप्तांचा आणि जातीचा विरोध, तो पत्करून समुद्रापार आणणारा निश्चय, देशभगिनींना हवे असलेले वैद्यकीय साहाय्य, आणि ते पुरुष वैद्याकडून घेण्यापेक्षा मरण पत्करण्याची त्यांची वृत्ती, हे सारे त्यात एका दमात आले आहे. आजचा कोणीही संस्कारक ह्या वाक्याचे तीन तुकडे करील. त्याने वाचन सुलभ होईल, ह्यात शंका नाही. परंतु निश्चय हा गरजेतून आला आहे आणि गरजेचे कारण समाजाच्या रीतीत आहे, ही साखळी त्या वाक्यरचनेतच आहे. तुकडे केले की तीन सुटी विधाने उरतात आणि त्यांचा परस्परसंबंध वाचकाने जुळवावा लागतो. ही सुधारणा म्हणावयाची की नुकसान, हे ठरविण्यास केवळ इंग्रजीचे ज्ञान पुरत नाही. विषयाचे ज्ञान लागते.

ह्याचा अर्थ भाषिक दुरुस्ती निरर्थक आहे असा नव्हे. मराठीत इंग्रजीसारखे आर्टिकल नाही. म्हणून 'द' आणि 'अ' यांची गफलत मराठी लेखकाकडून वारंवार होते, आणि तीमुळे 'ही विशिष्ट पद्धती' व 'एखादी पद्धती' यांतील भेद पुसला जातो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ही सवय परिच्छेदाच्या मांडणीतही उतरते की काय, अशी शंका येते. पार्श्वभूमीची तीन पाने उलटल्यावर संशोधनाचा हेतू दिसावा, असे प्रस्ताव विरळा नाहीत. 'करण्यात येईल' हा आपल्या कचेऱ्यांचा लाडका प्रयोग तर इंग्रजीत जसाच्या तसा उतरतो. नमुने गोळा करण्यात येतील, त्यांचे पृथक्करण करण्यात येईल; पण कोण करणार, कोठे, किती नमुन्यांवर, हे त्या कर्मणी रचनेच्या पडद्याआड राहते. संस्कारक ते वाक्य शुद्ध करून परत देतो, कारण व्याकरणाने ते शुद्धच असते. नमुन्यांची संख्या त्याला ठाऊक नाही. कित्येकदा ती अर्जदारानेही ठरविलेली नसते. अशा ठिकाणी दुरुस्ती प्रयोगशाळेत व्हावयाची असते, कागदावर नव्हे.

आनंदीबाईंच्या १८८६ च्या एम. डी. प्रबंधाचे शीर्षक 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' असे होते. 'आर्य' ह्या शब्दाची व्याप्ती आज वादग्रस्त ठरेल. तथापि शास्त्र कोणते आणि ते कोणत्या समाजाच्या संदर्भात पाहिले आहे, हे त्या मोजक्या शब्दांत निःसंदिग्धपणे सांगितलेले आहे, आणि अर्जातील देशभगिनीच तेथे अभ्यासविषय होऊन आल्या आहेत.